पेशी, प्रथिनं, विषाणू: प्रयोगशाळेत की संगणकावर?

एमएस्सीचं शेवटचं वर्ष जवळ आलं की पुण्यात बायोफिजिक्सकडे वळणाऱ्यांमध्ये एक प्रश्न हमखास कानावर येतो. प्रोजेक्ट वेट लॅबमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगशाळेत, करायचा की ड्राय लॅबमध्ये, म्हणजे संगणकावर? जीवरसायनशास्त्रातली, सूक्ष्मजीवशास्त्रातली, फिजिक्समधली, सगळीकडची मुलं या फाट्यावर येऊन थांबतात. कुणी पिपेट धरून कंटाळलेलं असतं, कुणाला कोडिंगची धास्ती असते, आणि तेवढ्यावर पुढची पाच वर्षं ठरतात. मला विचाराल तर निकष दुसराच लावा: तुमची चूक तुम्हाला कोण दाखवणार?

प्रयोगशाळेत चूक आपणहून समोर येते. समजा, एखाद्या विषाणूचं प्रथिन ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवायचं आहे. जिवाणूला ते प्रथिन बनवायला लावणारं आयपीटीजी घातलं, कल्चर रात्रभर 18 अंशांवर शेकरमध्ये ठेवलं, सकाळी पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केलं, प्रथिनं आकारानुसार वेगळी दाखवणारं जेल चालवलं. पाहता तर ठसठशीत निळा बँड पेलेटच्या (तळाच्या गाळाच्या) लेनमध्ये आणि सुपरनॅटंटची (वरच्या द्रवाची) लेन जवळजवळ कोरी. प्रथिन बनलं, पण त्याची घडी नीट बसली नाही. मग तापमान बदला, टॅग (प्रथिनाला जोडलेला तुकडा) बदला, स्ट्रेन बदला. यात महिने जातात. नाव बायोफिजिक्स असलं तरी सुरुवातीचा बराच काळ प्रथिन शुद्ध करण्यातच जातो, हे प्रवेश घेण्याआधीच कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

पण शुद्ध प्रथिन हाती आलं की मग जे मोजता येतं त्याला तोड नाही. पेशीत माल वाहून नेणारं कायनेसिन हे प्रथिन 8 नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकतं, प्रत्येक पावलाला एक एटीपी (पेशीचं इंधन) खर्च करतं आणि साधारण 6 पिकोन्यूटन बलानं मागे ओढलं की थबकतं. हे एकेका रेणूवर, ऑप्टिकल ट्वीझर्सनं, म्हणजे लेझरच्या झोतात पकडलेल्या मण्याच्या मदतीनं मोजलेलं आहे. त्या तंत्राबद्दल आर्थर अॅश्किन यांना 2018 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पडद्यावर ती पावलं उमटताना पाहणं हे एक कारणही मला वेट लॅब निवडायला पुरेसं वाटतं.

संगणकावरची चूक मात्र गप्प बसते. इन्फ्लुएंझाचा विषाणू पेशीत शिरला की त्याला वेढणाऱ्या एंडोसोम या पिशवीतला सामू (पीएच) उतरतो, त्यामुळे विषाणूवरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आपला आकार बदलतं आणि विषाणूचं आवरण एंडोसोमच्या पटलाशी एकजीव होतं. सामू 6 च्या आसपास आला की प्रथिनातलं हिस्टिडिन हे अमिनो आम्ल प्रोटॉन धरू लागतं, म्हणून या बदलात त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. आता याचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची नक्कल, करायचं, तर कुठल्या हिस्टिडिनवर प्रोटॉन आहे आणि कुठल्यावर नाही हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. तुम्ही ठरवलं नाहीत तर सॉफ्टवेअर आपल्या परीनं ठरवून मोकळं होतं आणि बहुधा उदासीन सामूच धरून चालतं. एरर येत नाही. आरएमएसडीचा (रचना मूळ आकारापासून किती सरकली त्याचा) आलेख सपाट, व्हिडिओ देखणा, आणि तुम्ही अभ्यासलेलं प्रथिन मात्र भलत्याच परिस्थितीतलं! स्वतःच्या निकालावर आधी स्वतःच शंका घेणाऱ्यानंच या वाटेला जावं.

वेळेचं गणितही समजून घ्या. मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये, म्हणजे अणूंची हालचाल पावला-पावलानं गणित करून दाखवणाऱ्या सिम्युलेशनमध्ये, एक पाऊल साधारण 2 फेम्टोसेकंदांचं असतं, म्हणजे एका मायक्रोसेकंदासाठी 50 कोटी पावलं. 2006 मध्ये सॅटेलाइट टोबॅको मोझॅक विषाणूचं अणू-अणूंसकट सिम्युलेशन झालं. साधारण 10 लाख अणू, आणि कालावधी 50 नॅनोसेकंद. यंत्रं तेव्हापासून खूप पुढे गेली, तरी पेशीत सेकंदा-मिनिटांत घडणारी गोष्ट सरळ चालवून पाहणं अजून आवाक्याबाहेर आहे.

आणि प्रथिनांच्या आकाराचा अंदाज करणारं एआय, अल्फाफोल्ड? 2022 पर्यंत त्याच्या साठ्यात 20 कोटींवर प्रथिनांचे अंदाजित आकार आले, 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा ते घडवणाऱ्या हसाबिस आणि जंपर यांना मिळाला. म्हणजे आकाराचं मॉडेल आता बहुधा आयतंच मिळतं. तेव्हा नुसतं मॉडेल बनवून त्यावर रेणूंचं डॉकिंग (रेणू प्रथिनावर कसा बसेल याचा संगणकी अंदाज) करायचं, एवढाच प्रोजेक्ट कुणी देत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. डॉकिंगचा स्कोअर म्हणजे बंध मोजला असं नव्हे. खरे प्रश्न आता प्रथिनाच्या हालचालीत, बलात आणि वेळेत आहेत.

दोन्ही बाजू एकत्र आल्या की काय होतं हे कोविडच्या विषाणूवरच्या स्पाइक प्रथिनात दिसलं. फेब्रुवारी 2020 मध्ये क्रायो-इएमनं (गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं) त्याची रचना प्रसिद्ध झाली. पण त्यावरच्या लवचीक साखरेच्या साखळ्या अशा चित्रात पूर्ण दिसत नाहीत. सिम्युलेशनमध्ये असं आढळलं की 165 आणि 234 या जागांवरच्या साखळ्या स्पाइकचा पेशीला चिकटणारा भाग उघड्या स्थितीत धरून ठेवतात. मग त्या साखळ्या बसूच नयेत असे म्युटंट बनवून मोजलं, तर पेशीवरच्या एसीई-2 या प्रथिनाशी बंध खरोखर कमी झाला.

पुण्यात अशी जोडी जमवणं सोपं आहे. पाषाणला आयसर आणि एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) शेजारी-शेजारी, विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञानाची एनसीसीएस आणि बायोइन्फर्मॅटिक्स विभाग, महासंगणक बनवणारं सी-डॅक इथलंच, आणि आयसरमध्ये 2019 पासून परम ब्रह्म हा महासंगणक. जिवंत विषाणूंचा विषय मात्र वेगळा. एनआयव्हीची (राष्ट्रीय विषाणू संस्थेची) बीएसएल-4, म्हणजे सर्वोच्च सुरक्षेची, प्रयोगशाळा पाषाणला असली तरी घातक विषाणूंना हात लावण्याची परवानगी प्रशिक्षित मोजक्यांनाच असते. बहुतेक विद्यार्थी एकेका प्रथिनावर किंवा स्यूडोव्हायरसवर (रोग न पसरवणाऱ्या नकली विषाणूवर) काम करतात. त्यासाठी मन तयार ठेवा.

पैशात फरक नाही. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती 2023 पासून दोन्हीकडे महिना 37,000 रुपये, नंतरच्या वर्षांत 42,000. नोकरीचं म्हणाल तर कोडिंग हिंजवडीत कुठेही उपयोगी पडतं, आणि प्रथिन शुद्धीकरणाचा हात बसलेल्यांना लस आणि बायोलॉजिक्सच्या कंपन्या विचारतात.

मन डळमळीत असेल तर आधी वेट लॅब घ्या, असं माझं ठाम मत आहे. पायथन ही भाषा आणि ग्रोमॅक्स हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर संध्याकाळी घरी बसून लॅपटॉपवर शिकता येतात, दोन्ही फुकट आहेत. शुद्धीकरणाच्या कॉलमवर प्रथिन चढवायला कुणीतरी शेजारी उभं राहूनच शिकवावं लागतं. गणिताची मनापासून ओढ असेल तरच थेट संगणकाकडे वळा, आणि मार्गदर्शक सरांना किंवा मॅडमना पहिल्याच भेटीत विचारा की आपलं भाकीत कुठल्या प्रयोगानं तपासलं जाणार आणि तो प्रयोग कोण करणार आहे. वेट लॅबमध्ये गेलात तर विचारा, हे प्रथिन विरघळलेल्या स्वरूपात आजवर कुणाला मिळालंय का. ते बनवणारा सीनियर अजून लॅबमध्ये आहे का, हेही विचारून घ्या.