पगारदार, नागरी की बँक? सोलापुरात ठेव आणि कर्ज कुठे

झेडपीच्या शिक्षकांची पगारदार पतसंस्था वेगळी आणि नव्या पेठेतल्या दुकानदारांची नागरी पतसंस्था वेगळी. नोंदणी दोन्हींची सहसा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खालीच, देखरेखही सहकार खात्याची. पण पैसा कुठून येतो आणि वसूल कसा होतो, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पगारदार संस्थेत दरमहा वर्गणी पगारातून कापली जाते, त्यातूनच कर्जवाटप होतं आणि हप्ताही पगारातूनच जातो. कलम ४९ प्रमाणे सभासदाने तसं लिहून दिलं असेल, तर कपात करून संस्थेकडे भरणं मालकावर बंधनकारक असतं. त्यामुळे थकबाकी कमी राहते आणि व्याज परवडतं. दवाखाना किंवा कॉलेजच्या फीसाठी आकस्मिक कर्ज फारसे खेटे न घालता मिळतं. नोकरी पक्की असेल तर कर्जासाठी आधी इथेच जा, असं मी सांगेन. मात्र जामीनकीची सही भिडेखातर करू नका. ज्याला जामीन राहिलात तो निलंबित झाला की वसुली तुमच्या पगाराकडे वळते.

वाढीचा प्रश्न इथे वेगळा आहे. भरती रखडली की नवे सभासद येत नाहीत आणि निवृत्त होणारे आपले शेअर्स, ठेवी घेऊन जातात. मग व्यवसाय वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे कर्जमर्यादा वाढवणे. सर्वसाधारण सभेत त्याला टाळ्या पडतात. पण माणसं तीच राहतात आणि त्यांच्या हातात येणारा पगार घटत जातो. मर्यादा वाढली म्हणून कर्ज उचलू नका.

पूर्व भागातल्या चार मागांच्या कारखानदाराला मात्र पगारपत्रकच नाही. सुताचे पैसे आधी मोजायचे आणि टॉवेलचे पैसे व्यापारी सवडीने देणार. त्याला नागरी पतसंस्थाच जवळची वाटते, आणि ते बरोबर आहे. संध्याकाळी पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणारा एजंट येतो, शंभर-दोनशे रुपये मशीनवर नोंदवतो, पावती फाडून हातात देतो. ताळेबंद नसलेल्या माणसाची वर्षभराची ही नोंदच त्याची पत ठरते. विडी वळणाऱ्या बाईला मुलीच्या बाळंतपणासाठी सोनेतारणावर पैसे मिळतात. व्याज पगारदार संस्थेपेक्षा जास्त पडतं. शिवाय कर्जापुरतं नाममात्र सभासद करून घेतलं असेल तर मतदानाचा हक्क नसतो, हे आधी विचारून घ्या.

नागरी पतसंस्थेची वाढ तपासताना शाखा मोजू नका, कर्ज कोणाला दिलंय ते बघा. ठेवींवर चढं व्याज कबूल केलं की कर्जावर त्याहून चढं लावावं लागतं, आणि तेवढ्या व्याजाला तयार होतो तो बहुधा इतरांनी नाकारलेला कर्जदार. सोलापुरात आणखी एक धोका आहे. बहुतेक कर्ज यंत्रमागालाच दिलेलं असेल, तर सुताचा भाव भडकला की कर्जदार एकदमच थकतात. वसुलीसाठी त्याच कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढता येतो, पण दाखला, जप्ती, लिलाव यात वेळ जातो आणि ठेवीदाराची मुदत तोवर संपलेली असते.

म्हणून ठेवीबाबत माझं मत ठाम आहे. कर्ज पतसंस्थेतून घ्या, निवृत्तीचे पैसे तिथे ठेवू नका. नागरी सहकारी बँकेत, इतर बँकांप्रमाणेच, ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो १ लाखच होता. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा लागू नाही, मग ती कितीही जुनी असो. पतसंस्थेने ३ लाखांवर बँकेपेक्षा दोन टक्के जादा व्याज दिलं तरी ते म्हणजे वर्षाला ६,००० रुपये. एवढ्यासाठी ३ लाखांचं संरक्षण सोडणं मला पटत नाही. बँकेतही ५ लाखांच्या वरची रक्कम एकाच ठिकाणी नको.

पतसंस्थेत ठेवायचेच असतील तर रोज लागणारी पिग्मी आणि वर्षभरात लागणारी रक्कम तेवढी ठेवा. त्याआधी वार्षिक अहवाल मागा. सप्टेंबरअखेरच्या सर्वसाधारण सभेसाठी तो छापला जातोच. मुखपृष्ठावरच्या ठेवींच्या आकड्यावर थांबू नका, मागे जाऊन ऑडिट वर्ग (लेखापरीक्षकाने दिलेली श्रेणी), निव्वळ एनपीए (तरतूद वजा जाता उरलेलं थकीत कर्ज), राखीव निधी आणि संचालकांच्या व त्यांच्या नातेवाईकांच्या कर्जाचं परिशिष्ट वाचा. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर खातं उघडूच नका.