वाडीवरचं फायबर: वेग चांगला, कसोटी केबलची

गावात स्थानिक केबलवाल्याकडून मिळणारं फायबर इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटपेक्षा कितीतरी भरवशाचं. घ्यावंच. पण ते टिकेल की नाही, हे प्लॅनपेक्षा खांब ते घर या केबलवर ठरतं.

स्प्लिटरच्या डब्यापासूनचं (जिथून एक फायबर अनेक घरांना वाटलं जातं) घरापर्यंतचं अंतर आधी मोजा, वर पाच-सात मीटर जादा धरा. मधे जोड नको, अखंड केबल मागा. ड्रॉप केबलमधली (खांबावरून घरात येते ती) स्टीलची तार वेगळी काढून खांबाला आणि भिंतीवरच्या हुकाला बांधायची, म्हणजे ओढ काचेच्या धाग्यावर येत नाही. आंब्याच्या फांदीला बांधलेली केबल वळवाच्या पहिल्या वाऱ्यात जाते. भिंतीतून आत घेण्याआधी तिला खाली झोल द्या. पाणी तिथंच ठिबकतं, नाहीतर केबलवरून ओघळत घरात शिरतं.

पैसे देण्याआधी पॉवर मीटर, म्हणजे केबलमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजणारं यंत्र, लावायला सांगा. आकडा उणे 15 ते उणे 25 डीबीएममध्ये (प्रकाशाच्या ताकदीचं एकक) हवा. उणे 27 पलीकडे गेला की नेट अडखळतं, मग राउटरवरचा लाल एलओएस दिवा (सिग्नल तुटल्याची खूण) लागतो. कारण बहुतेक वेळा साधं असतं: खिळ्याखाली चिमटलेली किंवा कोपऱ्यात काटकोनात मुडपलेली केबल, नाहीतर हिरव्या कनेक्टरच्या टोकावर धूळ. त्या टोकाला बोट लावू नका.

भारनियमनासाठी मिनी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी, घ्याच. बहुतेक राउटर 12 व्होल्टचे असतात, तरी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघूनच घ्या.