पिन बरोबर होता, कार्ड माझं नव्हतं

माझा पिन सोपा नव्हता. जन्मतारीख नाही, गाडीचा नंबर नाही, १२३४ किंवा ११११ तर नाहीच. बँकेकडून आलेला पिन मी पहिल्याच दिवशी बदलला होता. नवा पिन कुठे लिहून ठेवला नव्हता, घरातही कुणाला सांगितला नव्हता. तरीही एका संध्याकाळी माझ्या खात्यातले पैसे गेले, आणि ते माझ्याच पिनने गेले.

एटीएममध्ये मी एकटीच होते. कार्ड घातलं, पिन टाकला, मशीन जरा रेंगाळलं. तेवढ्यात मागून एक माणूस आत आला. नीटनेटका, बोलायला अगदी मऊ. "ताई, हे मशीन असंच करतं. कॅन्सल करून परत टाका," म्हणाला आणि मी काही बोलायच्या आत त्यानेच हात पुढे करून बटण दाबलं. मी कार्ड काढून परत घातलं, पिन पुन्हा टाकला. तो माझ्या खांद्यामागेच उभा होता. या वेळीही व्यवहार झाला नाही, कारण बोलता बोलता त्याने तेच बटण पुन्हा दाबलं होतं. हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं.

"चिपवर धूळ असेल, द्या इकडे." मी दिलं. त्याने बाहीला पुसल्यासारखं केलं आणि कार्ड परत दिलं. फार तर दोन-तीन सेकंद गेले असतील. परत मिळालेलं कार्ड त्याच बँकेचं होतं, त्याच रंगाचं. मी नाव वाचलं नाही. रोज हाताळलेलं कार्ड कोण वाचत बसतं?

ते कार्ड घालून पिन टाकला तर पडद्यावर आलं, पिन चुकीचा आहे. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. "सर्व्हरचा घोळ दिसतोय, दुसरीकडे बघा," असं म्हणून तो निघून गेला. मीही मशीनला दोष देत घरी आले. या प्रसंगातली ही जागा कृपा करून लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं टाकत असलेला पिन अचानक चुकीचा ठरला, तर मशीनवर किंवा स्वतःच्या आठवणीवर शंका घेण्याआधी हातातल्या कार्डावरचं नाव वाचा. मी तिथेच वाचलं असतं तर तो माणूस अजून दारातही पोचला नसता.

फोन पर्समध्ये होता, आवाज बंद केलेला. घरी येऊन पाहिला तेव्हा पैसे काढल्याचे चार संदेश ओळीने आलेले होते. रोजची पैसे काढण्याची मर्यादा बँकेने मुळात दिली होती तेवढीच होती, मी ती कधी कमी केली नव्हती. त्याने ती पूर्ण वापरली. मग दोन खरेद्या, कार्ड नुसतं टेकवून केलेल्या. अशा लहान रकमांना बऱ्याचदा पिन लागतच नाही.

नंतर मी यावर पुष्कळ विचार केला. चार आकड्यांचे १०,००० पिन होऊ शकतात आणि साधारण तीन चुकांनंतर कार्ड अडकतं. म्हणजे अवघड पिन ओळखून काढणं चोराला परवडत नाही. तो ओळखत बसत नाही, बघतो. चिपची नक्कल करणंही त्याला जमत नाही. जुन्या काळ्या पट्टीवरची माहिती उतरवून घेता येते, पण चिप प्रत्येक व्यवहाराला नवा संकेत तयार करते. म्हणूनच त्याला माझं खरं कार्ड हवं होतं. पिनची आणि चिपची, दोन्हीकडची सुरक्षा शाबूत होती. मी ती दोन्ही पाच मिनिटांत एकाच माणसाच्या हवाली केली.

बँकेचं म्हणणंही याच मुद्द्यावर येऊन थांबलं. मूळ कार्ड, मूळ चिप, पहिल्याच प्रयत्नात बरोबर पिन, म्हणजे त्यांच्या नोंदीत हे व्यवहार मीच केलेले. पहिली तक्रार फेटाळली गेली. वरच्या पातळीवर केलेली अजून चालू आहे. मला हे अन्यायाचं वाटतं, पण त्यांच्या कागदावर काय दिसतं तेही मला कळतं.

आता पिन टाकताना मी दुसरा हात आकड्यांवर आडवा धरते, एकटी असले तरी, कारण वर बारीक कॅमेरा चिकटवलेला असू शकतो. कुणी आत आलं की कॅन्सल करून कार्ड घेते आणि बाहेर पडते. दुकानात "पिन सांगा, मी टाकतो" असं कुणी म्हटलं की मशीन मागून घेते. हे म्हणणारा बहुधा चांगल्या मनाने म्हणतो, पण रांगेतल्या सगळ्यांना पिन ऐकू जातो. रोजची मर्यादा ॲपमधून गरजेपुरती ठेवली आहे. कार्ड बंद करायचा नंबर फोनमध्ये साठवला आहे. तो नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. आणि उलटा पिन टाकला की पोलिस येतात, हे मला दोघातिघांनी सांगितलं. एटीएममध्ये अशी सोय नसते. त्यावर विसंबू नका.

तक्रारीनंतर आठवड्याभरात एक फोन आला: "तुमचे पैसे परत करतोय, नवा पिन सांगा." मी फोन ठेवला.

एक गोष्ट सांगायची राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते परकं कार्ड बँकेत नेऊन दिलं. काउंटरवरच्या बाईंनी नंबर टाकून पाहिला आणि लगेच फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांना काहीच माहीत नव्हतं. कार्ड माझ्या पाकिटातच आहे, असं ते सांगत होते. बाई म्हणाल्या, "काढून त्यावरचं नाव वाचा बरं." थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी जे नाव वाचलं, ते त्यांचं नव्हतं आणि माझंही नव्हतं.