हॅमस्टरचा ‘६० साईज’ पिंजरा आणि माझी झालेली फसवणूक

लिहायला लाज वाटतेय खरं तर. घरात साधा मिक्सर घ्यायचा तरी आठवडाभर रिव्ह्यू वाचत बसणारी मी, आणि मुठीत मावेल एवढ्या, उंदरासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या पिंजऱ्यात डोळे उघडे ठेवून फसले. पण परवा एका मैत्रिणीने अगदी तसलाच फोटो पाठवला, "हा घेऊ का ग?" म्हणून, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकते सगळं.

मुलाने हॅमस्टरसाठी वर्षभर डोकं खाल्लं होतं. शेवटी मीच सोशल मीडियावर शोधत बसले आणि एका पेजवर फुल सेट दिसला. पिंजरा, चाक, पाण्याची बाटली, छोटं घर, बेडिंग म्हणजे तळाला पसरायचा भुसा वगैरे, आणि सोबत हॅमस्टरची जोडी. फोटो बघून तर मीच प्रेमात पडले. पांढराशुभ्र पिंजरा, दोन मजले, घसरगुंडी, आणि आत इतकी मोकळी जागा की हॅमस्टर कोपऱ्यात लिंबाएवढा दिसत होता. खाली लिहिलेलं "साईज ६०, एक्स्ट्रा लार्ज". आता ६० म्हणजे काय, सेंटीमीटर का इंच, लांबी का उंची, काही नाही. मी मेसेजमध्ये एवढंच विचारलं की दोघांना पुरेल ना? लगेच उत्तर, "ताई निर्धास्त राहा, आमच्याकडचा सगळ्यात मोठा पीस आहे". मी म्हटलं एकच हॅमस्टर हवाय आम्हाला, तर म्हणे "एकटा ठेवला तर उदास होऊन खाणं सोडतो, जोडीच न्या, दोन्ही नर आहेत, पिल्लांचं टेन्शन नाही, आणि ड्वार्फ आहेत, बुटकी जात, यापेक्षा वाढत नाहीत". वर आणखी, लास्ट पीस आहे, दोन कस्टमर वेटिंगवर आहेत, पूर्ण पेमेंट आधी करा म्हणजे बाजूला काढून ठेवतो. केलं मी. बावळटासारखं केलं.

रिव्ह्यू बघितले नव्हते असं नाही बरं का. पाच-सहा जणांनी फोटो टाकलेले, सगळे खूश. नंतर शांतपणे बघितलं तेव्हा लक्षात आलं की पाच वेगवेगळ्या ‘कस्टमर’च्या घरी एकच टेबलक्लॉथ आहे, निळ्या चौकड्यांचा, आणि एका कोपऱ्यात तोच तपकिरी डाग. मुख्य फोटो इमेज सर्चमध्ये टाकला तर तो मुळात भलत्याच कंपनीच्या भलत्याच पिंजऱ्याचा निघाला. हे शहाणपण अर्थातच पैसे गेल्यावरचं.

खोका आला तेव्हाच हातात हलका लागला. पिंजरा जोडून झाला आणि मुलगा म्हणाला, "आई, हा फक्त खालचा भाग आहे का?" मी शिवणकामाची टेप आणली. आतून लांबी ३७ सेंटीमीटर, रुंदी २६. विक्रेत्याला फोन केला, ६० कुठे आहे म्हणून विचारलं. त्याने न चाचरता सांगितलं की ताई, खालचा मजला ३७ आणि वरची फळी २३, टोटल ६० होते की नाही? मला हसावं का रडावं कळेना. म्हणजे उद्या मी माझ्या खोलीची लांबी सांगताना कपाटातले कप्पे पण मोजायचे!

मग रात्री वाचत बसले, जे आधी वाचायला हवं होतं. जर्मनीत पशुवैद्यांची प्राणीकल्याण संघटना आहे, ते हॅमस्टरसाठी कमीत कमी १०० बाय ५० सेंटीमीटर आणि ५० उंची सांगतात. गुणाकार करून बघा, ते झाले ५,००० चौरस सेंटीमीटर आणि माझा ‘एक्स्ट्रा लार्ज’ ९६२. पाचवा हिस्सापण नाही. आणि वरचे मजले यात धरायचेच नसतात, कारण हॅमस्टर हा काही झाडावर चढणारा प्राणी नाही, जमिनीत बिळं करणारा आहे. त्याची नजर अधू असते, उंचीचा अंदाज येत नाही, फळीवरून सरळ खाली पडतो. आमचा पडलाच, दुसऱ्याच दिवशी, धप्प करून. नशीब लागलं नाही.

सेटमधल्या बाकीच्या वस्तूंची कथा तशीच. चाक १३ सेंटीमीटरचं, त्यात धावताना पाठ धनुष्यासारखी उलटी वाकायची. पाठ सरळ राहायला हवी हा साधा नियम आहे, त्यासाठी ड्वार्फला साधारण २० आणि मोठ्या जातीला २८-३० सेंटीमीटरचं चाक लागतं, आणि पळायची पट्टी सलग हवी, शिडीसारख्या काड्यांची नको, पाय अडकतो. बेडिंग म्हणून मूठभर गुलाबी, वासाचा भुसा होता, तो टाकल्यापासून दोघं शिंकायला लागले. आणि ‘मऊ बिछाना’ म्हणून कापसासारखा पुंजका दिलेला. तिसऱ्या दिवशी एकाच्या मागच्या पायाला त्याचा धागा करकचून गुंडाळलेला, पाय सुजून लालभडक. मी टॉवेलमध्ये त्याला धरला, मुलाने मोबाईलचा टॉर्च धरला आणि भुवयांच्या बारीक कात्रीने एकेक धागा कापला, हात थरथरत होते माझे. तो कापूस गालाच्या पिशवीत अडकतो, पोटात गेला तर पचत नाही, तरी सगळीकडे सर्रास विकतात. ज्यांच्याकडे असेल त्यांनी हे वाचता वाचता उठून काढून टाका.

रात्रीचं तर विचारू नका. हा निशाचर प्राणी, दोन वाजता सुरू, कट कट कट कट, गज चावत बसायचा. विक्रेत्याला विचारलं तर "दात घासतोय ताई, नॉर्मल आहे". त्याचे दात आयुष्यभर वाढतात हे खरंय पण तासन् तास एकाच जागी गज कुरतडणं हे नॉर्मल नाही. स्वित्झर्लंडमध्ये यावर अभ्यास झालाय, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. हॅमस्टरना १०, ४० आणि ८० सेंटीमीटर खोल बेडिंगमध्ये ठेवून बघितलं, १० वाले सगळ्यात जास्त गज चावत होते आणि ८० वाल्यांनी एकदाही नाही. सीरियात रानातल्या हॅमस्टरची बिळं मोजली होती तर सरासरी खोली ६५ सेंटीमीटर. आणि आमच्या पिंजऱ्याचा प्लास्टिकचा ट्रे? बोटाच्या दोन पेरांएवढा खोल. खणायला गेला की खाली खरखर प्लास्टिक.

आता मुख्य फसवणूक, पिंजऱ्याच्या वरताण. महिनाभरात ते ‘न वाढणारे ड्वार्फ’ आकाराने दुप्पट झाले. एका रात्री किंचाळण्याचा आवाज आला, लाईट लावला तर दोघं एकमेकांना घट्ट धरून चेंडूसारखी लोळतायत, आणि एकाच्या ढुंगणाजवळचे केस उपटून रक्त आलेलं. रात्रीच एकाला बादलीत हलवलं, वर जाळी आणि जाळीवर पुस्तकं. सकाळी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोघांना उलटं करून बघितलं आणि म्हणाले हे ड्वार्फ नाहीत, सीरियन आहेत, आणि नर तर अजिबात नाहीत, दोन्ही माद्या आहेत. सीरियन म्हणजे नेहमी दिसतो तो सोनेरी हॅमस्टर, १५ सेंटीमीटरच्या वर सहज जातो, आणि मोठा झाला की एकटाच राहतो, जोडीदार सहन करतच नाही, भांडण जिवावर बेततं. एकटा उदास होतो वगैरे शुद्ध थाप. आणि दोन्ही माद्या निघाल्या म्हणून वाचलो, एक नर असता तर? यांचं गर्भारपण फक्त १६ दिवसांचं, एका वेळी आठ-दहा पिल्लं. त्या ३७ बाय २६ मध्ये!

मी विक्रेत्याला जखमेचे फोटो पाठवले. त्याचं उत्तर अजून स्क्रीनशॉट काढून ठेवलंय, "मस्ती करतात ताई. वेगळं ठेवायचं असेल तर सेकंड पिंजऱ्यावर तुम्हाला स्पेशल डिस्काउंट देतो". तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जोडी गळ्यात मारायची, पिंजरा इवलासा द्यायचा, महिन्याने भांडणं होणार हे त्याला माहीतच असतं, मग दुसरा पिंजरा, मग तो पण लहान पडला की ‘जंबो’. मी पैसे परत मागितले तर आधी म्हणे जिवंत प्राणी रिटर्न होत नाही, मी म्हटलं पिंजरा तर जिवंत नाही ना, तर म्हणे बॉक्स उघडला की रिटर्न नाही, अनबॉक्सिंग व्हिडिओ आहे का? नव्हता. मग ब्लॉक. पेजवर तक्रारीची कमेंट टाकली ती दहा मिनिटांत गायब.

एक मादी माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने नेली, ती आधीपासून हॅमस्टर पाळते, तिनेच मला सरळ केलं. तिच्या सांगण्यावरून जुना मोठा काचेचा फिशटँक मिळवला, आतून १०० बाय ५०, वर हवेसाठी जाळीचं झाकण. एका बाजूला ३० सेंटीमीटर कागदी बेडिंग, मध्ये मध्ये सुकं गवत दाबून, म्हणजे बोगदा ढासळत नाही. दुसऱ्या बाजूला बिनवासाच्या जाडसर वाळूचं भांडं, बारीक पावडर नाही, ती श्वासात जाते. लाकडी घर बिनतळाचं, म्हणजे घरातूनच खाली खणता येतं. जड वस्तू आधी तळावर टेकवायच्या आणि मग बेडिंग भरायचं, नाहीतर ती खाली खणते आणि घर अंगावर बसतं. हे सगळं करायला एक रविवार गेला. पहिल्या रात्री ती दहा मिनिटं नुसती हुंगत फिरली, मग कोपऱ्यात शिरली आणि दिसेनाशी झाली, काचेतून फक्त बेडिंग हलताना दिसत होतं. कट कट आवाज त्या रात्रीपासून बंद आहे.

फोटो पाठवणाऱ्या त्या मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं की विक्रेत्याला म्हण पिंजऱ्याच्या आत, तळावर टेप ठेवून फोटो पाठव, आणि चाकाचा व्यास सांग. तिने विचारलं. तिकडून आलं, "ताई, ६० साईज आहे, एक्स्ट्रा लार्ज". पेजचं नाव वेगळं होतं, डीपी वेगळा. मी रिव्ह्यूचे फोटो मोठे करून बघितले. निळ्या चौकड्या, आणि कोपऱ्यात तो डाग.