‘मुक्ता’ फॉन्ट: कार्डापासून फ्लेक्सपर्यंत एकच ओळख

डोंबिवलीच्या एका मंडळातून फोन आला होता. बोलणं ठरत आलं आणि पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “ताई, यूट्यूबवर अभंग म्हणतात त्या तुम्हीच का? आमच्याकडच्या कार्डावरून वाटलं, त्या दुसऱ्या कोणीतरी असतील.” फोन ठेवला आणि घरात होतं नव्हतं ते सगळं काढून हॉलमध्ये मांडलं. व्हिजिटिंग कार्डावर वेलबुट्टीची अक्षरं, यूट्यूबच्या बॅनरवर निळ्या ढगांवर सोनेरी नाव, पार्ल्यातल्या कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर जाडजूड लाल. व्हॉट्सअ‍ॅपवरची आमंत्रणं तर ज्याने केली त्याच्या आवडीची. बावीस वर्षं गाते आहे, पण त्या सगळ्या कागदांवर मी एक बाई नव्हते, पाच होते.

त्यानंतर दीड वर्ष मी एकच फॉन्ट वापरते आहे, त्याचा हा अनुभव. ‘मुक्ता’ हा ‘एक टाइप’ या मुंबईतल्याच अक्षररचनाकारांच्या गटाने केलेला फॉन्ट आहे. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो आणि त्याच्या खुल्या परवान्यामुळे तिकीट लावून होणाऱ्या कार्यक्रमाच्या जाहिरातीतही बिनधास्त वापरता येतो. अगदी बारीक ‘एक्स्ट्रालाइट’पासून ‘एक्स्ट्राबोल्ड’पर्यंत त्याची सात वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाडीचे सात प्रकार, आहेत. माझ्यासारखीला हे सगळ्यात मोलाचं. नाव ‘बोल्ड’मध्ये, साथीदारांची नावं ‘मीडियम’मध्ये, तारीख-वेळ-सभागृह ‘रेग्युलर’मध्ये, अभंगाचे चरण ‘लाइट’मध्ये, असं एकदा ठरवून टाकलं. लहान-मोठं, महत्त्वाचं-दुय्यम सगळं एकाच घराण्यातून निघतं.

कुठलाही मराठी फॉन्ट बघताना मी आधी ‘विठ्ठल’ लिहून पाहते. माझ्या कामात हा शब्द टळत नाही, आणि मोबाइलवरच्या नखाएवढ्या चित्रात त्या ‘ठ्ठ’चा हमखास डाग होतो. मुक्ताच्या ‘मीडियम’ आणि ‘बोल्ड’मध्ये तो नीट वाचता येतो. ‘एक्स्ट्राबोल्ड’ मात्र लहान आकारात भरून जातो, तो मी फक्त फ्लेक्ससाठी ठेवला आहे. दुसरं म्हणजे रोमन अक्षरं. या फॉन्टची रेघ सगळीकडे साधारण एकाच जाडीची असल्याने मराठी नावाखाली इंग्रजी नाव आलं तरी एक ठळक, एक फिकं असं दिसत नाही. घाटकोपरच्या कार्यक्रमाला गुजराती पत्रक हवं होतं, तेव्हा याच कुटुंबातला ‘मुक्ता वाणी’ घेतला. गुजराती मला धड वाचता येत नाही, पण ते पत्रक लांबूनही माझंच वाटलं. गुरुमुखी आणि तमिळसाठीही याची भावंडं आहेत.

रंग दोनच ठेवले: बुक्क्याचा काळा आणि गोपीचंदनाचा पिवळा. पिवळ्याने खूप छळलं. पडद्यावर उजळ दिसणारा रंग कागदावर मळकट उतरतो, कारण पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छपाई चार शाईंनी. आता मनासारखं छापलेलं एक कार्ड पर्समध्येच असतं. कोणत्याही प्रेसमध्ये गेले की तेच समोर ठेवते आणि सांगते, “हा पिवळा हवा.”

प्रेसवरून आठवलं. मी पाठवलेला मजकूर एका छापखान्यात जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला गेला. ‘कार्यक्रम’मधला रफार सुटून ‘र्’ वेगळा उभा राहिला, ‘दिंडी’ची पहिली वेलांटी ‘द’च्या नंतर गेली, आणि पाचशे पत्रकं तशीच छापली गेली. आपल्याकडे अनेक ठिकाणी अजून श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवरच काम चालतं. तिथे युनिकोडमधला, म्हणजे आपण फोनवर किंवा इंटरनेटवर लिहितो तसा, मजकूर नुसता चिकटवला तर जोडाक्षरं फुटू शकतात. यात मुक्ताचा काही दोष नाही, पण तो वापरायचा तर हे माहीत असायलाच हवं. छापखान्याला मजकूर देऊ नका, पीडीएफ द्या. फ्लेक्सवाला फाइल कोरलड्रॉ या चित्रं-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणार असेल तर अक्षरं आधीच कर्व्ह करून घ्या, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून घ्या.

मी स्वतः गूगल स्लाइड्समध्ये काम करते. कॉम्प्युटरवर ‘मोअर फॉन्ट्स’मध्ये शोधलं की मुक्ता मिळतो. पानाचं माप पिक्सेलमध्ये देता येतं. गाण्याच्या मुखपृष्ठासाठी ३००० बाय ३०००, यूट्यूबच्या बॅनरसाठी २५६० बाय १४४०. त्या बॅनरचा मधला १५४६ बाय ४२३ एवढाच पट्टा सगळ्या उपकरणांवर दिसतो, म्हणून नाव त्याच्या आतच. आधीच्या बॅनरवर फोनमधून बघितलं की माझं आडनाव अर्धं कापलेलं असायचं.

आता उणिवा. याला तिरकी अक्षरं नाहीत. चरण वेगळे दाखवायला मी ‘लाइट’ आणि थोडा जास्त समास यांवर भागवते. आणि याच्यात उत्सव नाही. आमची पिढी कमल शेडगे यांनी हाताने घडवलेली नाटकांची शीर्षकं वर्तमानपत्रात बघत वाढली. त्या अक्षरांत नाटकाचा स्वभाव दिसायचा. तसं काही मुक्ताकडून मिळणार नाही. मी एका सुलेखनकाराकडून स्वतःचं नाव लिहून घेतलं होतं, अतिशय देखणं. पण फोनवर त्यातल्या बारीक रेघा नाहीशा झाल्या. म्हणून आता सुलेखन फक्त कार्यक्रमाच्या शीर्षकासाठी करून घेते, नाव कायम मुक्तामध्ये. मुलांच्या शिबिरासाठी याच मंडळींचा ‘बालू’ वापरून पाहिला. गुबगुबीत, हसरा फॉन्ट आहे, मुलांना आवडला. पण माझ्या बाकीच्या कागदांशेजारी ठेवला तर परका वाटला, म्हणून सोडून दिला.

तुमचं गाणं ठुमरी-गझलेचं, नजाकतीचं असेल तर मुक्ता कदाचित फार सरळ वाटेल. कीर्तन, अभंग, भावगीत, शाळा-मंडळांचे कार्यक्रम, जिथे मागच्या रांगेतल्या आजोबांनाही पत्रक चष्म्याशिवाय वाचता यावं असं वाटतं, तिथे मी तो डोळे झाकून सुचवेन.

आषाढीच्या कार्यक्रमासाठी डोंबिवलीच्या त्याच मंडळाने बोलावलं आहे. परवा त्यांनी पत्रकाचा नमुना पाठवला. पिवळ्यावर काळं, नाव ‘बोल्ड’, साथीदार ‘मीडियम’. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, माझ्या आधीच्या पत्रकावरूनच त्यांनी तसं केलं होतं. फक्त तबलजींचं नाव एका ओळीत मावत नव्हतं, तेवढं दुरुस्त करून परत पाठवलं.