शिवराईच्या नादात एक लाख चाळीस हजार

आमच्या आज्जीच्या काळात गुप्तधन शोधायला पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला माणूस बोलवायचे. त्याच्या डोळ्यांत अंजन घालायचं, मग म्हणे त्याला जमिनीखालचे हंडे दिसायचे. या गोष्टी सांगून मी मित्रांना हसवायचो. पायाळूवर मी दहा रुपये घालवले नसते. पण स्क्रीन असलेल्या यंत्रावर १ लाख ४० हजार घालवले, रोख, बिलाशिवाय.

सुरुवात २०१९च्या महापुरात झाली. पन्हाळ्याच्या पायथ्याला ओढ्यालगत आमची तीस गुंठे जमीन आहे. पाणी ओसरल्यावर खचलेल्या बांधात वडिलांना एक शिवराई मिळाली, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. झिजलेली, कडेला चिरलेली, एका बाजूचं 'छत्र' तेवढं धड वाचता येणारी. वडिलांनी ती देव्हाऱ्यात ठेवली आणि विसरले. मी विसरलो नाही. जुन्या नाण्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये शिरलो, फोटो टाकला, आणि तिथेच जमिनीतला धातू शोधणारी यंत्रं विकणारा तो माणूस भेटला.

बोलायला फार अभ्यासू. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीचं उत्खनन, १९४५-४६ सालचं सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांचं काम, तिथल्याच टाउन हॉल म्युझियममधली पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवाची ती छोटी मूर्ती, सगळं तोंडपाठ. "दादा, रोमन माल पंचगंगेकाठी येऊन पडलाय, तर तुमच्या ओढ्याला का नसावा?" आणि वर स्वतःच म्हणाला, "मंत्रतंत्रवाल्यांना दारात उभं करू नका. हे विज्ञान आहे." त्या एका वाक्यावर मी त्याचा झालो.

प्रात्यक्षिकाला तो फेब्रुवारीत आला. ऊस तुटून गेला होता, रान मोकळं. आदल्या दिवशी "जमिनीचा पोत बघतो" म्हणून तो एकटाच तासभर रानात फिरून गेला होता. मी तेव्हा घरी त्याच्यासाठी चहा टाकायला सांगत होतो.

पहिलं यंत्र साधं, खाली गोल तबकडी असलेलं. खिळ्यावर घोगरा आवाज, तांब्यावर बारीक, स्वच्छ. वीतभर खोलीवर, खुरप्यानं दोन मिनिटांत, शिवराई. मग दुसरी. मग तिसरी. 'श्री राजा शिव' अगदी ठसठशीत. ती हातात धरून मी हसतोय, असा फोटो त्यानं काढला.

आता सांगतो, तेव्हा काय दिसायला हवं होतं. ते खोडव्याचं रान. कुठंही खुरपं मारलं की उसाच्या मुळ्यांचं जाळं लागतं, माती ढेकळानं निघते. नाणी निघाली तिथं एकसुद्धा मुळी नव्हती, माती पिठासारखी सुटत होती. जन्मभर शेती केलेला माणूस मी, आणि खड्ड्याकडे बघायचं सोडून त्याच्या यंत्राकडे बघत होतो.

मग त्यानं पेटीतून दुसरं यंत्र काढलं. पिस्तुलासारखी मूठ, पुढं दोन अँटेना. ते हातात धरून चालला आणि जुन्या विहिरीच्या कोपऱ्यात अँटेना आपोआप वळल्या. स्क्रीनवर आकडा आला, ४.२ मीटर, खाली 'सोनं'. दोन्ही यंत्रं मिळून १ लाख ४० हजार, आधी ४०, आठवड्यानं उरलेले. जाताना दम दिला, "कुणाला बोलू नका, सरकारला कळलं तर जमीन जाईल."

दोन रात्री जेसीबी लावला. त्याचे पैसे या हिशेबात नाहीत. चौदा फुटांवर काळा पाषाण लागला. मी अँटेना धरून उभा राहिलो, तर त्या आता शेजाऱ्याच्या गोठ्याकडे वळत होत्या. बायको म्हणाली, "अहो, म्हशी सोन्याच्या झाल्या का काय?"

तिन्ही शिवराया घेऊन कोल्हापुरात गुजरी या सराफपेठेजवळच्या एका जुन्या नाणेसंग्राहकांकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं आणि नाणी एका ओळीत मांडून माझ्याकडे सरकवली. "श्रीच्या शेजारी बघा." तिन्हींवर एकाच जागी एकसारखा बारीक खड्डा. हातानं ठोकलेली दोन नाणी अशी तंतोतंत जुळत नाहीत, एका साच्यात ओतलेली जुळतात. कडेला साच्याची शिवण कानशीनं घासलेली होती, आणि हिरवा गंज माझ्या अंगठ्याला लागला. मग देव्हाऱ्यातली दाखवली. ती त्यांनी बराच वेळ हातात ठेवली. "ही खरी आहे," म्हणाले.

तबकडीचं यंत्रही खरंच आहे, पण ते ऑनलाइन वीस हजारांच्या आत मिळतं. तबकडीतून चुंबकीय क्षेत्र सुटतं, धातूत वीज फिरते, तिचा परत आलेला इशारा यंत्र ऐकतं. खोली वाढली की तो इशारा झपाट्यानं विरतो. नाण्याएवढी वस्तू या यंत्राला वीत-दीड वीत, फार तर फूटभर कळते. त्यात आपली पन्हाळ्याकडची जांभ्याची माती लोहानं भरलेली, त्यामुळे यंत्र नुसतंच कुरकुरत राहतं. अँटेनावाल्यात मात्र काहीच नसतं. मी ते स्क्रूड्रायव्हरनं उघडलं. स्क्रीनची बॅटरी आणि एक बटण. बटण दाबलं की आकडे ठरलेल्या क्रमानं येतात. अँटेना सैल बसवलेल्या असतात, मनगट नकळत कललं की त्या वळतात. अशाच अँटेनाची यंत्रं बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या ब्रिटिश माणसाला २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. तिथली चौक्यांवरची माणसं फसली, तर मी कोण, असं मी स्वतःला समजावतो. फारसं समजत नाही.

पोलिसांत लगेच का गेलो नाही, हे सगळे विचारतात. तो दम त्यासाठीच होता. वकील असलेल्या मावसभावानं सांगितलं, १८७८च्या निखात निधी कायद्यानं जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची वस्तू सापडली तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि मी तर रात्रीचा, गुपचूप, जेसीबी लावून खणलेलं. हे रान गडाच्या संरक्षित हद्दीत असतं तर प्रकरण आणखी वेगळं झालं असतं. माणूस स्वतः चोरासारखा वागला की चोराविरुद्ध तोंड उघडत नाही, हे त्या भामट्याला माझ्याआधी माहीत होतं. शेवटी देव्हाऱ्यातल्या शिवराईची लेखी खबर दिली, मगच पोलीस ठाण्यात गेलो. तोवर चार महिने उलटले होते आणि त्याचा नंबर बंद झाला होता.

मागच्या आठवड्यात गडहिंग्लजकडून एका अनोळखी शेतकऱ्याचा फोन आला. कुणीतरी त्यांना माझा फोटो आणि नंबर दिला होता, खात्रीचं गिऱ्हाईक म्हणून. मी सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग त्यो फोटो खोटा हाय म्हणायचा?"

फोटो खरा आहे, म्हटलं. मीच हसतोय त्यात.