संकेतस्थळ अडते तेव्हा: वर्डप्रेस, गिटहब पेजेस आणि नेटलिफाय यांची तुलना

संकेतस्थळ कोणत्या मंचावर उभारायचे हे ठरवताना आपण साधारणपणे खर्च, थीम आणि लिहिण्याची सोय पाहतो. बिघडले तर काय, हा प्रश्न पहिला बिघाड होईपर्यंत कोणी विचारत नाही. प्रस्तुत आढावा त्या एकाच प्रश्नापुरता आहे. इन्स्टॉलेशन, अपडेट किंवा बिल्ड (मजकुरापासून पाने तयार करण्याची प्रक्रिया) फसल्यावर दोषाचा माग कुठे लागतो, तो काढण्यासाठी कशाकशाची चावी आपल्याजवळ असावी लागते आणि आपण शोधत असताना वाचकाला काय दिसते, या अंगाने तीन पर्याय येथे तपासले आहेत: स्वतःच्या होस्टिंगवरचे वर्डप्रेस, जेकिलवर चालणारे गिटहब पेजेस आणि ह्यूगोसह नेटलिफाय. जेकिल आणि ह्यूगो ही पाने तयार करणारी साधने आहेत, तर गिटहब पेजेस आणि नेटलिफाय या ती पाने वाचकांपर्यंत पोचवणाऱ्या सेवा.

मूळ फरक रचनेतच आहे. वर्डप्रेस प्रत्येक भेटीच्या वेळी पान नव्याने जुळवते. पीएचपी या भाषेतला कोड मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसमधून मजकूर काढतो, थीम त्याला रूप देते आणि प्लगइने (जास्तीच्या सोयी देणारी जोडसाधने) मध्ये आपापली भर घालतात, त्यामुळे यांतले काहीही अडखळले की ते थेट वाचकासमोर अडखळते. जेकिल आणि ह्यूगो सगळी पाने आधीच तयार करून ठेवतात. तेथे बिल्ड फसली तर नवा लेख तेवढा प्रसिद्ध होत नाही. आधीची यशस्वी आवृत्ती जागच्या जागी राहते आणि वाचकाला बिघाडाची वार्ताही नसते. ज्या संस्थेला दिवाळी अंकाच्या प्रकाशनाच्या संध्याकाळी संकेतस्थळ बंद पडलेले परवडणार नाही, तिने सोयींच्या यादीच्या आधी हा फरक पाहावा.

वर्डप्रेस

इन्स्टॉलेशनच्या पायरीवर सर्वाधिक भेटणारा संदेश ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ हा होय. त्यामागे बहुतेकदा डब्ल्यूपी-कॉन्फिग या फाइलमधील चार नोंदींपैकी एखादी चुकलेली असते: डेटाबेसचे नाव, वापरकर्ता, पासवर्ड आणि होस्ट. शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेक ग्राहकांत वाटलेला असतो तेथे) डेटाबेसच्या नावाआधी खात्याचे नाव जोडले जाते आणि ते लिहायचे राहून जाते. किंवा वापरकर्ता तयार केलेला असतो, पण त्याला त्या डेटाबेसवर अधिकार दिलेले नसतात. थीम अपलोड होत नसेल तर दोन कारणे आधी पाहावीत. पीएचपीची अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी आहे, आणि होस्टिंग कंपनीने ती वाढवली नसेल तर मोठी झिप फाइल ‘तुम्ही उघडलेली लिंक कालबाह्य झाली आहे’ अशा अर्थाचा, कारणाशी काडीचाही संबंध नसलेला संदेश देऊन परत येते. दुसरे कारण म्हणजे स्टाइल डॉट सीएसएस ही थीमची मुख्य फाइल सापडत नसल्याची तक्रार. विकत घेतलेल्या थीमच्या झिपमध्ये माहितीपत्रके आणि खरी थीम अशी झिपच्या आत झिप असते, आणि आपण बाहेरची चढवलेली असते.

यापेक्षा अवघड प्रसंग म्हणजे चालते संकेतस्थळ अचानक पांढरे पडणे. पूर्वी अशा वेळी खरोखरच कोरे पान दिसे. मे २०१९ मध्ये आलेल्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस ‘क्रिटिकल एरर’चा संदेश दाखवते आणि व्यवस्थापकाच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची लिंक पाठवते, ज्यातून आत शिरून दोषी प्लगइन थांबवता येते. सोय उत्तम आहे. मात्र तो ईमेल पत्ता संस्थेच्या माजी चिटणीसांचा असेल, किंवा सर्व्हरवरून निघालेली पत्रे स्पॅममध्ये जात असतील, तर ती असून नसल्यासारखी. मग उरतो जुना मार्ग: होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून किंवा एफटीपीने (सर्व्हरवर फाइली नेण्या-आणण्याच्या पद्धतीने) प्लगइन्सच्या फोल्डरचे नाव बदलायचे, म्हणजे सगळी प्लगइने एकदम बंद होतात. संकेतस्थळ उघडले की व्यवस्थापनातील प्लगइन्सचे पान एकदा पाहून मूळ नाव परत द्यायचे आणि एकेक प्लगइन सुरू करत दोषी गाठायचे. त्याआधी डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डीबग आणि डीबग-लॉग या दोन नोंदी चालू केल्या तर डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये नोंदवही तयार होते आणि कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीवर काम थांबले ते तीत मिळते. काम संपल्यावर ती नोंद बंद करून फाइल काढून टाकावी, कारण अनेक सर्व्हरवर ती बाहेरच्या कोणालाही वाचता येते.

काही वेळा आपण काहीच केलेले नसते आणि तरी बिघाड होतो, ही वर्डप्रेसची खास डोकेदुखी आहे. होस्टिंग कंपनी पीएचपीची आवृत्ती बदलते. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८.० मधून क्रिएट-फंक्शन आणि ईच यांसारखी जुनी फंक्शने काढून टाकली गेली, आणि पीएचपी ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपल्यावर कंपन्यांना पुढे सरकणे भागच होते. वर्षानुवर्षे अपडेट न झालेल्या थीम त्या बदलात एका फटक्यात कोसळतात. उपाय म्हणून पॅनेलमधून जुनी पीएचपी तात्पुरती निवडता येते, पण ती थीम बदलेपर्यंतची उसनी मुदत समजावी. अपडेट अर्धवट राहण्याबाबत मात्र परिस्थिती खरोखर सुधारली आहे: ६.३ पासून हाताने केलेले प्लगइनचे अपडेट फसले तर जुनी प्रत परत येते, आणि जुलै २०२४ मधील ६.६ पासून आपोआप होणाऱ्या अपडेटमुळे घातक दोष उद्भवला तरी तसेच घडते.

मराठी संकेतस्थळ एका होस्टिंगवरून दुसरीकडे हलवताना आणखी दोन गोष्टी आड येतात. मायएसक्यूएल ८ मधून काढलेली डेटाबेसची प्रत जुन्या आवृत्तीवर चढवली की ‘अननोन कोलेशन’ असा नकार येतो, कारण नव्या आवृत्तीची वर्णक्रमाची व्यवस्था जुनीला माहीत नसते. एसक्यूएल फाइलमधील ते नाव बदलून जुन्या आवृत्तीला ठाऊक असलेली युनिकोड व्यवस्था लिहिली की काम होते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. डेटाबेस किंवा जोडणी लॅटिन१ या फक्त रोमन अक्षरांच्या जुन्या व्यवस्थेवर राहिली असेल तर देवनागरी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली जातात, आणि एकदा प्रश्नचिन्हे साठवली गेली की मूळ अक्षरे त्यातून परत मिळत नाहीत. म्हणून स्थलांतरानंतर एक मराठी लेख उघडून पाहिल्याखेरीज जुने खाते बंद करू नये.

गिटहब पेजेस

येथे इन्स्टॉलेशन असे नसतेच. मजकूर रिपॉझिटरीत (गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या फोल्डरात) ठेवला की गिटहब स्वतः जेकिल चालवते, आणि बिल्ड फसली तर ॲक्शन्स या भागात तिचा लॉग, म्हणजे कामाची नोंदवही, मिळते. चुका मोजक्या आहेत आणि बऱ्याचशा टंकनाच्या आहेत. लेखात नमुना म्हणून दुहेरी महिरपी कंस लिहिले की लिक्विड ही साचाभाषा ते आपलेच समजते आणि आतली रचना चुकीची वाटली तर बिल्ड थांबवते. जेकिलचे एखादे प्लगइन स्वतःच्या संगणकावर चालते आणि येथे चालत नाही, कारण गिटहबची अंगभूत बिल्ड मान्य यादीतलीच प्लगइने स्वीकारते. त्यापलीकडचे हवे असेल तर ॲक्शन्समध्ये स्वतःची बिल्ड लिहावी लागते. मुखपृष्ठ दिसते पण सजावट गायब, असे झाल्यास बेस-यूआरएल तपासावा: प्रकल्पाचे संकेतस्थळ मूळ पत्त्याखालच्या उपमार्गावर असते आणि थीमच्या फाइली मुळाशी शोधल्या जातात. घरी चित्र दिसते आणि येथे दिसत नाही, याचे उत्तर फाइलच्या नावातील मोठ्या-लहान रोमन अक्षरांत असते. विंडोज आणि मॅक सहसा त्यांत भेद करत नाहीत, लिनक्स करते. या एका कारणापायी माझी स्वतःची एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

सर्वांत फसवा प्रसंग मात्र हिरव्या खुणेचा. बिल्ड यशस्वी, लॉग स्वच्छ आणि लेख गायब! भविष्यातील लेख दाखवण्याची नोंद सेटिंगमध्ये चालू नसेल तर जेकिल भविष्यातील तारखेचे लेख वगळते, आणि बिल्ड करणारा सर्व्हर युटीसी ही जागतिक प्रमाणवेळ धरतो. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे पहाटे साडेपाचच्या आत आजच्या तारखेने चढवलेला लेख त्याच्या लेखी उद्याचा असतो. वेळ उलटल्यावरही तो आपोआप येत नाही, कारण पुढची बिल्ड कोणीतरी सुरू करावी लागते. तारखेपुढे वेळ आणि +०५:३० लिहिणे हा साधा उपाय आहे, आणि तो ह्यूगोलाही लागू पडतो.

मर्यादा स्पष्ट आहेत: प्रसिद्ध संकेतस्थळ १ जीबीपर्यंत, महिन्याला १०० जीबी वाहतुकीची सूचक मर्यादा आणि प्रसिद्धीसाठी १० मिनिटांची मुदत. छायाचित्रांनी भरलेल्या जुन्या अंकांचे संग्रह यांत लवकर अडकतात.

नेटलिफाय आणि ह्यूगो

नेटलिफायचा लॉग सविस्तर आहे, पण तो शेवटाकडून वाचायची सवय नवख्याला नसते. शेवटचा आकडा बरेच सांगतो. १२७ म्हणजे दिलेली आज्ञाच सापडली नाही, म्हणजे साधन बसलेले नाही किंवा आज्ञेत चूक आहे. १३७ म्हणजे प्रक्रिया बाहेरून मारली गेली, आणि याचे कारण बहुधा मेमरी अपुरी पडणे हे असते. नुसता १ दिसला तर वर सरकत पहिली चूक शोधावी. तिच्याखालच्या पन्नास ओळी बहुतेकदा तिचीच पिलावळ असते.

ह्यूगोच्या बाबतीत निम्मे प्रश्न आवृत्तीचे असतात. आपल्या संगणकावर एक ह्यूगो आणि सर्व्हरवर दुसरा, तर साच्यातील एखादे फंक्शन ‘नॉट डिफाइन्ड’ ठरते. नेटलिफायच्या सेटिंगमध्ये ह्यूगोची आवृत्ती नेमकी नोंदवणे हा त्यावरचा उपाय आहे. सास (सजावटीचे नियम लिहिण्याची भाषा) वापरणाऱ्या थीमला बहुतेकदा ह्यूगोची एक्स्टेंडेड प्रत लागते, हेही लॉगमध्ये काहीशा गूढ भाषेत सांगितलेले असते. थीम गिटच्या सबमॉड्यूलऐवजी (दुसऱ्या रिपॉझिटरीशी नोंदवलेल्या जोडणीऐवजी) नुसती क्लोन, म्हणजे नक्कल, करून ठेवली असेल तर सर्व्हरला ती कोठून आणायची हे कळत नाही आणि बिल्ड मजकुरापर्यंत पोचण्याआधीच संपते. शीर्षकातील विसर्गचिन्हासारखा दिसणारा अपूर्णविरामही ह्यूगोला थांबवतो: ‘नाटक: एक आढावा’ हे शीर्षक अवतरणचिन्हांत न घालता लिहिले की यामलच्या (लेखाच्या वरची माहिती ज्या रचनेत लिहितात तिच्या) दृष्टीने तेथे दुसरी नोंद सुरू होते. थीम नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनावर अवलंबून असेल तर आणखी एक आघाडी उघडते. ऑक्टोबर २०२१ मधील नोड १७ ने ओपनएसएसएल ३ ही कूटलेखनाची लायब्ररी स्वीकारल्यावर जुन्या वेबपॅकचे (फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनाचे) असंख्य प्रकल्प ‘डिजिटल एन्व्हलप’च्या चुकीने अडले होते, आणि जुन्या थीमवर ती चूक अजूनही भेटते.

परत फिरण्यात मात्र नेटलिफाय सर्वांत पुढे आहे. यशस्वी झालेल्या आधीच्या आवृत्त्या यादीत असतात आणि त्यांतली कोणतीही एका क्लिकने पुन्हा प्रसिद्ध करता येते. गिटहब पेजेसवर त्यासाठी कमिट (नोंदवलेला बदल) उलटवून पुन्हा बिल्ड करावी लागते, तर वर्डप्रेसवर फाइली आणि डेटाबेस या दोहोंची एकाच वेळची बॅकअप प्रत असावी लागते, आणि ती दोहोंची आहे की नाही हे बहुधा गरज पडल्यावरच समजते.

ब्लॉगरचा उल्लेख येथे ओझरता पुरे. त्यात इन्स्टॉलेशन नाही आणि बिल्डही नाही. थीमचे एक्सएमएल बिघडले तर ते जतनच होत नाही. ज्यांना फक्त लिहायचे आहे त्यांनी हा सारा खटाटोप कशासाठी करावा, असे मला अनेकदा वाटते.

निवड

चार-पाच जण वेगवेगळ्या ठिकाणांहून लिहिणार असतील आणि त्यांतल्या कोणालाच गिट शिकायचे नसेल तर वर्डप्रेसच घ्यावे, परंतु होस्टिंग घेण्याआधी पीएचपीची आवृत्ती निवडता येते का, चाचणीसाठी वेगळी प्रत मिळते का आणि बॅकअप कोण परत चढवून देतो, हे लेखी विचारून घ्यावे. पॅनेलचा पासवर्ड ज्याने संकेतस्थळ बनवले त्याच्या एकट्याच्याच हाती असेल तर वर उल्लेखलेला एकही उपाय संस्थेला करता येणार नाही. एकटी व्यक्ती साध्या मजकूर फाइली सांभाळू शकत असेल तर गिटहब पेजेस पुरते, आणि वर्षभर हात लावला नाही तरी ते पडत नाही. थीममध्ये सतत बदल होणार असतील आणि ते प्रसिद्ध होण्याआधी संपादकांना दाखवायचे असतील तर नेटलिफाय घ्यावे, कारण प्रत्येक पुल रिक्वेस्टसाठी (बदल सामील करण्याच्या विनंतीसाठी) ते स्वतंत्र पूर्वदृश्याची लिंक देते आणि मोडलेली थीम वाचकाच्या आधी संपादकाच्या फोनवर मोडलेली दिसते.